ठकूबाईच्या तीन समाध्या

ठकूबाईने राब भाजला तेव्हा तिच्या मनात काही वाईट नव्हतं. रोप टाकायचं म्हणजे आधी जागा भाजायची, हे तिला कुणी शिकवलंही नव्हतं. चालायला शिकावं तसं ते आपोआप आलेलं. शेणाचा थर, त्यावर वाळकी कवळं, म्हणजे पानांच्या डहाळ्या, त्यावर गवत, वरून बारीक माती, आणि वाऱ्याचं तोंड बघून काडी. माती भाजली की तण मरतं आणि रोप काळंभोर उठतं. पोलादपूरच्या डोंगरात या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठल्याही बाईला विचारा, हेच सांगेल.

फक्त या वेळची जागा शेतात नव्हती. ती होती अंगणात, सिमेंटच्या ब्लॉकांनी बांधलेली, कमरेइतकी उंच. आणि तिच्या मातीत, वितीच्याही आत, भोकं पाडलेली काळी नळी पुरलेली होती.

आधी वास आला. मग धूर काळा झाला. ठकूबाई काठीवर भार देऊन पुढे होईतो पहिल्या वाफ्यातली आग नळीवरून दुसऱ्यात, दुसऱ्यातली तिसऱ्यात आणि तिथून वाळल्या गवतातून बांधावर चढली. दिव्याच्या वातीसारखी ती नळी जळत वर गेली आणि वरच्या निळ्या ड्रमाला जाऊन भिडली. ड्रम एका बाजूने असा खाली बसला, की जणू जेवून लवंडलेला माणूस. त्यातलं पाणी भळाभळा बांधावरून आलं आणि आग आपल्या आपण विझली. एवढं मात्र बरं झालं.

ठकूबाई खुर्चीत बसली. इकडेतिकडे बघितलं. वाडीतली माणसं भात झोडायला खळ्यांवर गेलेली. कुणी बघितलं नव्हतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो वाफ्यांचा नव्हता. मुलाला, शुभमला कळलं तर, हा होता.

कारण हे वाफे म्हणजे नुसते वाफे नव्हते. तो तिचा घरी राहायचा करार होता.

आषाढात ती याच अंगणात शेवाळावरून घसरली. वाडी सगळी लावणीला. पाऊस असा, की हाक मारली तर स्वतःच्याच कानाला ऐकू येईना. सकाळी पडलेली बाई दुपारी कुणीतरी विळा विसरला म्हणून परत आला त्याला दिसली. खुबा मोडला होता. महाडला ऑपरेशन झालं, हाडात पट्टी बसली, आणि शुभम तिला घेऊन डोंबिवलीला गेला. कुशाबा, तिचा नवरा, आधीच गेलेला. गावच्या घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं. मुलाने बोलून नाही दाखवलं, पण पावसात पडून राहिलेली आई त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. रात्री तो दोनदा उठून तिचा श्वास बघून जायचा. ती झोपल्याचं सोंग करायची.

डोंबिवलीत तिला काही कमी नव्हतं. सून रेश्मा नात्याची, म्हणजे महाडजवळच्या नाते गावची, मातीतलीच पोरगी. ती सासूला कधी ‘बसून राहा’ म्हणाली नाही. मेथी निवडायला द्यायची, लसूण सोलायला द्यायची. पण निवडलेली मेथी किती निवडणार. खिडकीतून बघावं तर समोर दुसऱ्याची खिडकी, आणि त्या खिडकीत एक म्हातारी, तीही इकडे बघत असलेली. ठकूबाईने जेवण कमी केलं. भांडली नाही, रडली नाही. नुसती एकेक घास कमी करत गेली.

तेव्हा रेश्मानेच मोबाइलवर कुठेतरी उंच वाफे बघितले आणि नवऱ्याला दाखवले. गादीवाफा म्हणतात तसाच, पण गादीपेक्षा पलंग म्हणावा एवढा उंच. वाकायचं नाही, बसायचं नाही, उभ्या उभ्या नाहीतर खुर्ची ओढून काम. पाणी उचलायचं नाही. घरामागच्या कड्यातून होळीपर्यंत झरा टिपकतो, तो ड्रममध्ये, ड्रममधून नळीने मुळाशी. आईने फक्त कॉक फिरवायचा.

दिवाळीला तिघं आली, गवंडी लावला, तीन वाफे उभे राहिले. जाताना शुभमने सांगितलं, की शिमग्याला येईन तेव्हा बघेन. तुला झेपत असेल तर राहा, नाहीतर त्याच गाडीने परत. आवाज चढवला नाही त्याने. म्हणूनच तो खरंच नेईल हे ठकूबाईला पटलं.

वाडीने त्या तीन लांबट चौथऱ्यांकडे एकदा बघितलं आणि त्याच दिवशी नाव ठेवलं. ठकूबायच्या समाध्या. तिची चुलत जाऊ चंद्रभागा तर येऊन वाफ्यावर हात फिरवून गेली आणि म्हणाली, “तीन कशाला गो बांधल्यान? एकीत मावशील की.”

ठकूबाई म्हणाली, “दोन तुमच्यासाठी. जागा अडवून ठेवलीय.”

*

राख थंड झाल्यावर तिने वितळलेल्या नळीचे गोळे वेचून गोणीत भरले आणि गोणी न्हाणीमागे ठेवली. नवी नळी आणायची तर पोलादपूरला कुणाला तरी धाडावं लागणार. आणि वाडीतलं पोर पोलादपूरला पोचायच्या आत बातमी डोंबिवलीला पोचते. तेव्हा तो विचार तिने सोडला. बांधावर चढून झऱ्याचं पाणी आणणं तिच्या पायाला झेपणारं नव्हतं. भाजलेल्या मातीत मात्र बी पेरलं. मुळा, मेथी, लाल माठ, एका कडेला वांगी-मिरचीचं रोप. गुन्हा झालाच आहे तर त्याचा उपयोग का सोडा.

रोप उठलं. काळंभोर, दाट. आणि तहानलेलं.

चंद्रभागेची सून प्यायचे दोन हंडे रोज ओट्यावर आणून ठेवायची. ते शुभमने ठरवून दिलेलं, आणि बदल्यात परड्यातला फणस त्यांचा, म्हणून ठकूबाईला ते चालायचं. पण तिसरा हंडा मागणं तिच्या जिभेला ठाऊक नव्हतं. शेजारून वाटीभर साखर आणली तर शीग लावून परत करणारी बाई ती. उभ्या जन्मात तिने कुणाचं देणं रात्रभर घरात ठेवलं नव्हतं. मग तिने प्यायचंच पाणी काढलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तांब्या, ओट्यावरून वाफ्यापर्यंत. पोचेपर्यंत तांब्या अर्धा, लुगडं ओलं. स्वतःचा चहा बंद केला. चार दिवसांत मेथीने मान टाकली.

आणि त्यात रोज सकाळी व्हिडिओ कॉल. ठकूबाई मोबाइल मेथीच्या एवढा जवळ नेई, की पानापलीकडे काही दिसू नये. रेश्मा म्हणे, आई, जरा मागे घ्या, ड्रम दाखवा ना. ठकूबाई म्हणे, रेंज जातेय गो. रेंज कधी जाते हे तिला आता फार चांगलं कळायला लागलं होतं.

एक दिवस ती अशीच तांब्या घेऊन निघालेली असताना चंद्रभागा विहिरीवरून वर आली. विहीर वाडीच्या पायथ्याशी, घरं वर, आणि मधली चढण ठकूबाईच्या अंगणाला घासून जाते. चंद्रभागेच्या डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, कमरेला आणखी एक. ती थांबली. तांब्या बघितला, ओलं लुगडं बघितलं, मग बांधावर लवंडलेला ड्रम बघितला.

“समाधीवर पानी घालतंस होय.”

ठकूबाईने तांब्या पदराआड धरला.

चंद्रभागेचा श्वास फुलला होता. या चढणीवर बायांचा श्वास इथेच फुलतो, बरोबर निम्म्यावर. पण टेकायचं कुठे? डोक्यावरचा हंडा एकदा जमिनीला लागला, की पुन्हा डोक्यावर चढवायला दुसरी बाई लागते. म्हणून कुणी थांबत नाही. उमेदीच्या वयापासून ही चढण बाया एका दमात काढतात आणि घरी गेल्यावर भिंतीला धरून उभ्या राहतात.

चंद्रभागा वाफ्याजवळ आली. कमरेची कळशी वाफ्याच्या काठावर टेकवली. मग मान किंचित तिरकी करून, दोन्ही हातांनी वरची कळशी आणि मग हंडा, एकामागे एक, त्याच काठावर उतरवले. वाकली नाही. कुणाला हाक मारली नाही. डोक्यावरची चुंबळ काढून हंड्याखाली सारली आणि उभी राहिली, मोकळ्या डोक्याने. दोन्ही हातांनी मान चोळली.

“बरोबर उंची हाय गो,” चंद्रभागा म्हणाली.

श्वास जाग्यावर आला तशी तिने कळशीत हात घातला, ओंजळीने मेथीवर पाणी टाकलं. मग ओंजळीने काय होतंय म्हणून ठकूबाईच्या हातातला तांब्या घेतला, बुडवला आणि ओळीवर ओतला. पुन्हा बुडवला. मग काठावरचं ओझं, चुंबळीसकट, सरळ डोक्यावर घेऊन निघाली.

ठकूबाईला हे फार लागलं. फुकटचं पाणी. सबंध दुपार ती तेच घोळवत बसली. संध्याकाळी तिला सुचलं, आणि सुचल्यावर ती एकटीच हसली. दुसऱ्या दिवशी तिने चंद्रभागेच्या सुनेकडून न्हाणीतली एक लादी उचलवून वाफ्याच्या कोपऱ्यावर आडवी ठेववली, म्हणजे हंडे नीट बसतील. खुर्ची शेजारी ओढली. आणि पहिली बाई वर आली तशी तिला सांगून टाकलं, की इथे ओझं टेका, दम खा, काय हवं ते बोला. भाडं एक तांब्या.

“आनि तांब्या भरून. उगा ओल्या हाताने शिंपडायचं नाय.”

*

पौष सरेतो वाडीला सवय लागली. सकाळच्या खेपेला बाया ठकूबाईच्या वाफ्यांवर हंडे टेकायच्या; तीन वाफ्यांना तीन बाजूंनी काठ, एका वेळी चार-पाच जणी आरामात. मुळा असा पोसला, की मातीतून खांदे वर काढून बसला. मेथी खुडली की आठवड्यात पुन्हा. आणि ठकूबाईला गावातलं सगळं कळायला लागलं. कुणाची म्हैस व्यायली, कुणाच्या सुनेला डोहाळे लागलेत, पार्ल्याला दिलेली दीक्षा का रुसून आलीय. हे सारं पूर्वी तिला महिनाभराने कळायचं, तेही शिळं.

तिच्या समाध्यांवर बसून लोक आपलीच रडगाणी गातात, असं ती म्हणायची. पण सकाळी खुर्ची बाहेर ओढायला उशीर झाला, तर तिला चुकल्यासारखं व्हायचं.

शिमगा जवळ आला. मुंबईकर यायला लागले. घराघरात पाहुणे, आणि झरा आटत आलेला, बाकी परडी सुकलेली. हिरवं असं वाडीत एकाच ठिकाणी उरलं होतं. एका बाईने मुळा मागितला. ठकूबाई म्हणाली, उपट. दुसरीला माठ हवा होता. म्हणाली, काप. वर्षाच्या सणाला दारात आलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं; आणि पाणी कुणाचं होतं? होळीच्या आदल्या दिवशी चंद्रभागा शेवटची वांगी नेताना जरा घुटमळली. “शुभम येनार ना गो? त्याला दाखवाया काय ठेवलंस?”

ठकूबाईने वाफ्यांकडे बघितलं. तीनही भुंडे. दोन मिरचीची झाडं आणि मुळे उपटलेले खड्डे.

हे तिच्या खरंच लक्षात आलं नव्हतं.

“यील तवा बगू,” ती म्हणाली. पण त्या रात्री तिला झोप लागली नाही.

शुभम आणि रेश्मा होळीच्या संध्याकाळी पोचली, ट्रॅफिकमध्ये दिवस गेलेला. शुभम गाडीतून उतरला तो सरळ वाफ्यांकडे गेला. भुंडी माती बघितली. मातीतून वर आलेलं नळीचं एक वितळलेलं टोक दिसलं, ते त्याने ओढलं. मग तो बांधावर चढून ड्रमाकडे बघत बराच वेळ उभा राहिला. खाली आला तेव्हा त्याचा चेहरा रागावलेला नव्हता. रागावलेला असता तर ठकूबाईने तोंड दिलं असतं.

“आग लावलीस तू, आई? एकटी असताना? या पायाने?”

“राब भाजला.”

रेश्मा पाठमोरी होऊन पिशव्या उचलायला लागली. तिचे खांदे हलत होते. नात्याची पोरगी, राब या शब्दाबरोबर तिला सगळं समजलं होतं. पण नवऱ्याचा चेहरा बघून तिने हसू गिळलं.

शुभम ओट्यावर बसला. म्हणाला, की ड्रम जळाला त्याचं काही नाही. लुगडं पेटलं असतं तर? कुणाला कळलं असतं? पुन्हा तसंच, सकाळपासून दुपारपर्यंत. मग त्याने सांगितलं, की धुळवड झाली की निघू, कपडे भरून ठेव. ठकूबाई हो म्हणाली. तिच्याजवळ दाखवायला काहीच नव्हतं, आणि मुलाचं चुकलं असंही तिला म्हणता येईना. ती आत गेली आणि पेटी उघडून बसली.

*

सकाळी शुभम लवकर उठला. अंगणात खुर्ची होती, तिच्यात बसला. आई अजून उठली नव्हती. म्हणजे उठली होती, पण पेटीशेजारी तशीच बसून होती, बाहेर यावंसं वाटत नव्हतं.

चढणीवरून चंद्रभागा वर आली. डोक्यावरच्या ओझ्यामुळे मान वळवता येत नव्हती. खुर्चीत कुणीतरी आहे एवढं तिला दिसलं.

“धर गो जरा, आज मान दुकतेय.”

शुभम उठला आणि त्याने कळशी धरली. तो बघून चंद्रभागा चपापली, पण हंडा तर उतरवायचाच होता. उतरवला, चुंबळ सारली, तांब्या घेतला, भरला आणि भुंड्या मातीवर ओतला.

“काकी, त्यात काही नाहीये,” शुभम म्हणाला.

“माहीत हाय. आमीच खाल्लंय.” ती दम घेत होती. “तुजी आय कुटं हाय?”

“आत आहे. झोपलीय.”

“झोपलेली नाय.” चंद्रभागेने तांब्या लादीवर आपटल्यासारखा ठेवला आणि ओझं तिथेच सोडून घरात गेली. दारातून तिचा आवाज आला, “काय गो, दुकतंय कुटं? मंग बाहेर का नाय?”

तोवर दुसरी बाई वर आली होती. तिने हंडा टेकला, खुर्चीकडे बघितलं आणि तीही आधी हेच बोलली, काकी कुठंय. तिसरी तर ओझ्यासकट चढणीवरूनच ओरडून विचारत आली. शुभम मध्ये उभा होता, हातात कुणाची तरी कळशी. चंद्रभागा बाहेर आली आणि त्याच्या हातातली कळशी घेऊन काठावर ठेवली.

“हिची खुर्ची सकाळी रिकामी दिसली, का आमी दार वाजवतो,” ती म्हणाली. तिने ते समजावून सांगितलं नाही. मान दुखतेय म्हणाली होती तसंच म्हणाली. “माघात एकदा ताप होता तिला. पेज कोनी करायची यावरून भांडन झालं आमचं.”

शुभमने हे फोनवर कधी ऐकलं नव्हतं. रेंज गेलेली असणार.

त्या दिवशी पालखी वाडीत फिरली आणि तिच्यामागे शुभमही घरोघर गेला. तीन घरी जेवायचा आग्रह झाला. तिन्ही घरी पानात मुळ्याची कोशिंबीर नाहीतर माठाची भाजी होती, आणि तिन्ही घरी वाढणारीने सांगितलं, तुमच्याच घरातली हाय, लाजू नका. तिसऱ्या घरी त्याने भाजी पुन्हा मागून घेतली, असं रेश्माने रात्री सासूच्या कानात सांगितलं. पेटी उघडीच होती. भरलीही गेली नव्हती, बंदही केली नव्हती.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शुभम दोन कळश्या घेऊन विहिरीवर गेला. निम्म्या चढणीवर त्याचा श्वास फुलला, तसा तो वाफ्याशी थांबला आणि कळश्या काठावर टेकल्या. खुर्चीतून ठकूबाई बघत होती. त्याने तिच्याकडे न बघता तांब्या भरला आणि मिरचीच्या झाडाला घातला.

“भरून घाल,” ती म्हणाली.

त्याने पुन्हा भरून घातला. मग वाफ्याच्या भिंतीला खालून हात लावून बघत म्हणाला, “पावसात ही माती वाहून जाईल. खाली पाणी जायला भोकं ठेवायला हवी होती. मी ड्रम नवा आणतो, आणि नळी—”

“नळी नको.”

“का?”

ठकूबाईने चढणीकडे बोट दाखवलं. खालून हंड्यांचा आवाज यायला लागला होता. शुभमने तिकडे बघितलं.

“बरं,” तो म्हणाला. “नळी नको.”

रेश्मा गाडीत पिशव्या ठेवत होती. त्यांत पेटी नव्हती. हे कुणी बोललं नाही. शुभम आईच्या पाया पडला आणि तो उठत असताना तिने त्याचं मनगट धरलं.

“वैशाखात ये,” ती म्हणाली. “राब भाजायचा हाय. मला एकटीला नाय जमत.”